पाय दुखतायत, पण मजा आली
आज बॉक्सिंगच्या क्लासमध्ये सरांनी मला कळव्याच्या एका सतरा वर्षांच्या पोरासमोर उभं केलं, पोरगा डावखुरा, आणि वर मला अट की पहिले दोन राउंड पंच मारायचा नाही, फक्त त्याला कोपऱ्यात आणायचं. म्हटलं सोप्पंय. कसलं काय, २० फुटांची रिंग अचानक गावदेवी मैदानाएवढी वाटायला लागली, तो गोल गोल फिरतोय आणि मी मागे धापा टाकत. सर बाहेरून ओरडले, "अरे सुटलेल्या रिक्षामागे काय धावतोस, तो जातोय तिकडे आधी पोच ना!"

म्हणजे मागे जायचंच नाही. तो माझ्या डावीकडे सरकला की आपला डावा पाय आधी आडवा टाकायचा, मग उजवा तेवढाच सरकवायचा, पाय क्रॉस झाले की मेलात. आणि डावखुरा असेल तर आपला पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर, मग त्याचा डावा हात लांब राहतो आणि आपला उजव्या हाताचा पंच सरळ आत.

तिसऱ्या राउंडला एकदाच, एकदाच हां, त्याची पाठ दोरीला लागली. मी इतका खूश झालो की मारायचंच विसरलो, तोपर्यंत त्याने दोन ठेवून दिल्या. दोरीवर गेलेला माणूस संपलेला नसतो हे १९७४ साली किन्शासात बॉक्सर मुहम्मद अलीने दोरीला टेकून मार झेलत शेवटी जॉर्ज फोरमनला हरवून दाखवलंच होतं म्हणा 😅

आता अंगठ्याला हा मोठ्ठा फोड आलाय. ठाणे स्टेशनचा जिना एकेक पायरी करत उतरलो, मागून एक काकू म्हणाल्या, "बाजूला हो रे बाबा."