आमची वाटचाल : पाइपच्या शेडपासून पीईबीपर्यंत

सुरुवात केली तेव्हा एक वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर आणि आम्ही तिघं, बस. कामं म्हणजे गाडी लावायला शेड, नाहीतर छोटं गोडाऊन, सगळं चौकोनी पाइपात, जागेवरच मोजायचं, कापायचं आणि वेल्ड मारायचा. कमी रुंदीच्या शेडला पाइपचा ट्रस, म्हणजे छत पेलणारा त्रिकोणी जाळीचा सांगाडा, खरंच छान बसतो, वजनाला हलका, मोठी क्रेन लागत नाही, आजही कोणी लहान शेड विचारलं की मी पाइपच सांगतो. फक्त पाइपची तोंडं उघडी ठेवू नका, आत पाणी शिरलं की गंज आतून खात जातो आणि बाहेरून रंग मात्र नवाकोरा दिसत राहतो.

मग पहिलं मोठं काम आलं, 15 बाय 36 मीटर, आणि मधे एकही कॉलम नको म्हणाले. तिथं आम्ही पीईबी शिकलो, म्हणजे प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग, फ्रेमचे भाग कारखान्यात तयार करायचे आणि जागेवर बोल्टनं जोडायचे. तयार रोल्ड गर्डर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच मापाचा असतो, लागो न लागो लोखंड तेवढंच. पीईबीत प्लेटा कापून, वेल्ड करून इंग्रजी I आकाराचे आय सेक्शन बनवतात, त्यामुळं कॉलम तळाला बारीक आणि वर जाताना रुंद होत जातो. बघणाऱ्याला ते उलटं वाटतं, पण कॉलमखालची बेस प्लेट हिंज, म्हणजे बिजागरीसारखी, धरली की तळाशी मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, जवळपास शून्य आणि कॉलम आणि राफ्टर (छताची तिरपी तुळई) मिळतात त्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त, म्हणून लोखंडही तिथंच टाकायचं. प्लेटही बहुतेक 345 मेगापास्कल ताकदीची, साधं माइल्ड स्टील 250 चं, वजन वाचतं ते या दोन्हीमुळं.

पण त्याच कामात आम्ही मार खाल्ला. कॉलम पायाला धरून ठेवणारे अँकर बोल्ट टाकले, चारही बाजू टेपनं मोजल्या, 15 आणि 36 बरोब्बर, काँक्रीट भरलं. फ्रेम आल्या, काही उभ्या केल्या तरी ब्रेसिंगचे, म्हणजे फ्रेम हलू नयेत म्हणून तिरपे लावायचे, रॉड बसेनात, एक आखूड पडतोय आणि दुसरा ढिला. मग कर्ण मोजला. 15 आणि 36 चा कर्ण नेमका 39 मीटर यायला पाहिजे, आमचा एक आला 39 मीटर 6 सेंटीमीटर आणि दुसरा 38 मीटर 94. म्हणजे आख्खा चौकोन साडेसहा सेंटीमीटर तिरका! वेल्डिंगच्या कामात असं काही झालं तर जागेवर कापून जुळवता येतं, बोल्टच्या कामात भोकं कारखान्यातूनच पाडून येतात, तिथं चूक लपवायला जागाच नाही. फ्रेम उतरवल्या, एका बाजूचे सगळे पेडेस्टल, म्हणजे कॉलमखालचे काँक्रीटचे ठोकळे, फोडून परत केले, खर्च आमचा. तेव्हापासून दोन जण वेगवेगळे कर्ण मोजतात आणि मगच काँक्रीट.

पर्लिनमध्ये, म्हणजे छताचा पत्रा पेलणाऱ्या आडव्या पट्ट्यांमध्येही, असंच शिकत गेलो. आधी आम्ही इंग्रजी C आकाराची सी वापरायचो. Z आकाराच्या झेडची गंमत अशी की त्याचा एक पंख दुसऱ्यापेक्षा जरासा रुंद असतो, एक उलटा करून दुसऱ्यावर ठेवला की दोन्ही एकमेकांत अलगद बसतात, राफ्टरवर लॅप, म्हणजे एकावर एक चढ, मिळतो आणि सपोर्टवर जिथं ताण जास्त तिथं आपोआप दुप्पट पत्रा. सी असा बसत नाही, तो दार-खिडकीच्या चौकटीला बरा.

मधे एकांनी अर्धगोल शेड मागितलं. ही कल्पना जुनी आहे, 1916 साली ब्रिटिश सैन्याची निसेन झोपडी आली आणि 1941 मध्ये अमेरिकन नौदलाची क्वॉन्सेट. आताच्या प्रकारात आत वेगळी फ्रेमच नसते, खोल पन्हळींचा वाकवलेला पत्रा हाच सांगाडा. धान्य, यंत्रं ठेवायला झकास, पण भिंतीला कपाट टेकत नाही, आणि बोल्ट इतके की हात भरून येतात. त्यांना भिंतीलगत रॅक लावायचे होते म्हणून मी स्पष्ट नाही म्हटलं. काम गेलं तरी चालेल, पण नंतर त्यांनी रोज वैतागू नये.

राहण्याच्या खोल्या किंवा ऑफिस असेल तर लाइट गेज, म्हणजे पातळ पत्र्याचा सांगाडा, बरं, एक-दीड मिलिमीटर पत्र्याचे स्टड (भिंतीतले उभे खांब) एकमेकांच्या जवळ उभे, वजन सगळ्या भिंतींत वाटलं जातं, वायरिंग आतून जाते. पण तिथं क्रेन टांगायची म्हणाल तर नको.

म्हणून आता फोन आला की मी आधी विचारतो, आत काय ठेवणार, छताला काय टांगणार, आणि पुढं वाढवणार का? वाढवायचं असेल तर शेवटची फ्रेमही मधल्यासारखी पूर्ण ताकदीची घ्या, नुसती हलकी घेतली तर पुढं अडकता.

त्या 36 मीटरवाल्यांनी तसं घेतलं होतं. मागच्या महिन्यात शेड आणखी 12 मीटर वाढवलं, टोकाचे पत्रे काढले आणि तेच पुढच्या टोकाला लावले. नव्या भागाचा कर्ण 19 मीटर 21 सेंटीमीटर, दोन्हीकडून.