जीपसाठी साकव, स्केल १:३५

कुडाळला माझं छोटं वर्कशॉप आहे, बिल्डिंगची नि देवळांची मॉडेल्स करतो, पण मे महिन्यात एक ऑर्डर आली ती डायोरामाची, म्हणजे आजूबाजूच्या देखाव्यासकट छोट्या मॉडेलची. गिऱ्हाईक रिटायर्ड फौजी. त्यांचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला ५०व्या पॅराशूट ब्रिगेडच्या जोडीने जपान्यांशी लढलेल्या बटालियनमध्ये. पण साहेबांना लढाई नको होती, डोंगरातल्या ओढ्यावरचा ओंडक्यांचा पूल हवा होता आणि त्यावरून जाणारी एक जीप, बस.

स्केल १:३५. जीप खरी ३.३३ मीटर लांब, म्हणजे मॉडेल साधारण ९५ मिलिमीटर, आणि ३० सेंटीमीटर जाडीचा ओंडका इथे साडेआठ मिलिमीटरचा. लाकूड खरं वापरायचं म्हटलं तरी प्रश्न सुटत नाही, कारण साल पण स्केलमध्ये दिसायला हवी, जाड भेगांची साल लावली की पूल लगेच खेळण्यातला वाटतो. शेवटी किनाऱ्यावर सुरूच्या पडलेल्या फांद्या मिळाल्या, सरळ आणि बारीक खरखरीत. त्या कडक उन्हात वाळवल्या, नाहीतर वर्षभरात आतून भुसा पडायला लागतो.

पण पूल उभा कसा राहतो ते फोटोतून कळत नव्हतं. आणि त्याच सुमारास, कामासाठी एका वाडीत गेलो तर वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, साकव (लाकडी पूल) घालणं चालू होतं, पाऊस तोंडावर आलेला. माडाचे ओंडके आडवे टाकत होते नि एक म्हातारे गडी एका पोराला ओरडले, "सगळे बुंधे एकाच अंगाक टाकलंस तर साकव तिरको होतलो रे!" मी गाडी तिथेच लावली आणि बसलो बघत. एकाचा बुंधा, म्हणजे जाड टोक, या काठाला, पुढच्याचा त्या काठाला, मग वरची फळी सपाट बसते. काठावर आधी एक आडवा ओंडका पुरलेला, लांब ओंडक्यांची टोकं त्यावर, नुसत्या मातीवर नाही, कारण पाणी वाढलं की माती आधी जाते. त्या म्हाताऱ्या आबांना विचारलं, यावरून जीप न्यायची तर? ते म्हणाले, चाकाखाली दोन-दोन जाड घाल, मधी एक पुरे.

वर्कशॉपला आल्यावर पाच ओंडके त्याच हिशोबाने लावले. जीपच्या चाकांमधलं अंतर १.२४ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये साडेपस्तीस मिलिमीटर, जाड जोड्या बरोब्बर त्याखाली. वरच्या आडव्या काठ्या मुद्दाम कमीजास्त लांबीच्या ठेवल्या, टोकं कटरने न कापता कोयतीने तोडल्यासारखी दोन बाजूंनी छाटली, आणि कडेला चाक घसरू नये म्हणून एकेक लांब ओंडका. जोडायच्या लोखंडी कड्यांसाठी वायरमधली तांब्याची तार वाकवून काळी केली. चिखल फक्त चाकांच्या दोन पट्ट्यांवर, मधली लाकडं त्यापेक्षा कोरडी. मला वाटतं डायोरामात सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात, सगळीकडे सारखाच चिखल फासतात.

साहेब आले, जीप ठेवली, खाली वाकून बराच वेळ नुसत्या खालच्या ओंडक्यांकडे बघत राहिले, रंगाकडे नाही. मग म्हणाले, खालचं दिसेल अशी काचेची पेटी करा. ओढ्याचं पाणी म्हणून ओतायचं पारदर्शक रेझिन मात्र आता दिवाळीनंतरच ओतणार, या दमट हवेत त्यावर पांढरट पापुद्रा येतो.