तुम्ही विचारलंत म्हणून: त्या खोलीत शोकेस का नाहीत?

आमचं सैनिकी वारशाचं म्युझियम छोटं आहे, पाच खोल्या, पगारी माणूस एकही नाही, सगळे आपापल्या कामातून वेळ काढून येणारे. लोक एकेक खोली बघत शेवटच्या खोलीत पोचतात आणि तिथे बघतात तर एक लांब टेबल, दहाबारा खुर्च्या आणि चारपाच म्हातारे फौजी बोलत बसलेले. मग बाहेर पडताना हमखास विचारतात, की एवढी उजेडाची खोली अशीच का ठेवलीत, चार शोकेस आरामात बसल्या असत्या तिथे. आणि माजी सैनिकांसाठी काही करायचंच तर ते वेगळं करा ना, म्युझियममध्ये कशाला. इतक्या वेळा विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून काढते.

पदकांपासून सुरू करते, कारण पदकं बघायलाच सगळ्यात जास्त लोक येतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याकडून लढलेल्या अनेकांना तीन पदकं मिळाली, 1914-15 चा ब्राँझचा स्टार, चांदीचं वॉर मेडल आणि ब्राँझचं व्हिक्टरी मेडल. स्टारच्या मागच्या बाजूला आणि बाकी दोघांच्या कडेवर शिपायाचं नाव, नंबर आणि युनिट ठोकलेलं असतं. लोक डबा घेऊन येतात आणि त्यात बरेचदा दोनच निघतात, गेलेलं असतं ते नेमकं चांदीचं. 1980 च्या सुमाराला चांदीचा भाव प्रचंड चढला तेव्हा अशी कितीतरी मेडल्स वितळवली गेली, आणि नाव कडेवर असल्यामुळे चांदीबरोबर नावही गेलं. म्हणून कुणी मेडल आणलं की मी आधी हात जोडून एकच सांगते, पॉलिश करू नका. घासून घासून ती अक्षरं झिजतात, आणि काळं पडलेलं पण नाव वाचता येणारं मेडल चकचकीत कोऱ्या मेडलपेक्षा कधीही जास्त मोलाचं.

पण नाव असलेली वस्तू म्हणजे नशीबच. बाकी सगळं, पाण्याची बाटली, पट्टा, हेल्मेट, जेवणाचा डबा, हे कारखान्यात हजारांनी बनलेलं, एकसारखं. त्यातलं हे कुणाचं आणि त्याच्याबरोबर कुठे कुठे फिरलं हे वस्तू कधीच सांगत नाही.

आमच्याकडे एक स्टीलचा चमचा आहे, दांड्याला भोक असलेला. रजिस्टरमध्ये आम्ही लिहिलं होतं 'चमचा, खराब झालेला'. दोन वर्षं तो तसाच शोकेसमध्ये होता. एक दिवस एक काका आले, काचेतून बघत राहिले आणि म्हणाले, हा खराब नाहीये गं, हे भोक मुद्दाम पाडलंय, आम्ही सगळेच पाडायचो, दोरी ओवून पट्ट्याला बांधायचो, कारण वर चौकीवर चमचा हरवला की पुढचं सामान येईपर्यंत हातानेच खायचं, आणि त्या थंडीत हातमोजा काढायचा म्हणजे काय ते तुला नाही कळायचं. मी तेव्हाच त्यांना खुर्ची आणून दिली आणि वही काढली. ती त्या खोलीतली पहिली खुर्ची. लेबल बदललं, आता त्या चमच्यापुढे मुलं सगळ्यात जास्त वेळ थांबतात.

लोकांचा एक समज असतो की सगळं होऊन गेल्यावर, माणसं गेल्यावर म्युझियम करायचं. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमची स्थापना 1917 ची आहे, म्हणजे युद्ध चालूच होतं, शेवट काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं आणि तरी गोळा करायला सुरुवात झाली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आमच्याकडे बहुतेक ट्रंका माणूस गेल्यावर येतात, मुलगा किंवा नात घेऊन येते, भरल्या डोळ्यांनी एकेक वस्तू काढते आणि आम्हालाच विचारते, हे काय आहे हो? फोटो असतो, सात जण उभे, मागे एकही नाव नाही. तोच फोटो माणूस जिवंत असताना समोर ठेवला असता तर दहा मिनिटांत सातही नावं आली असती.

आता माणसांची काळजी म्युझियमने कशाला घ्यायची, तर हे मी स्वतःही उशिरा शिकले, आणि चुकीतून शिकले.

वस्तूंचं आम्ही सगळं शिकलो होतो. युनिफॉर्मवर 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पाडायचा नाही. लोकरीतून गंधकाचा अंश सुटतो आणि बंद शोकेसमध्ये चांदी काळी पडते, म्हणून लोकरी कोट आणि चांदीची मेडल्स एकत्र ठेवायची नाहीत. कसर लागलेली कापडं पॉलिथिनमध्ये घट्ट बंद करून उणे वीसच्या आसपास दोन आठवडे फ्रीझरमध्ये. जुन्या चमकणाऱ्या काट्यांच्या घड्याळात आणि होकायंत्रात रेडियम हा किरणोत्सारी धातू असू शकतो, रंग चमकायचा बंद झाला तरी रेडियम तिथेच, ते निम्मं व्हायलाच सुमारे 1600 वर्षं लागतात, त्यामुळे ते उघडायचं नाही. जुने गॅस मास्क मुलांना घालून बघू द्यायचे नाहीत, काहींच्या फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, त्याचे तंतू श्वासातून आत जाणं घातक. आणि कुणी पिशवीतून आजोबांचा ग्रेनेड आणलाच तर हात लावायचा नाही, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि पोलिसांना फोन. (हे शेवटचं कृपा करून लक्षात ठेवा. रिकामा आहे असं वाटतं म्हणून घरातून हलवू नका, फोन आधी करा.)

एवढं सगळं माहीत असताना आम्ही खंदकाच्या देखाव्यात स्पीकर बसवला. माणूस जवळ आला की सेन्सर लागून तोफांचा आवाज सुरू व्हायचा. सगळ्यांना आवडला होता. एक दिवस एक माजी सैनिक नातवाला घेऊन आले, आवाज झाला, आणि ते नातवाचा हात सोडून सरळ बाहेर गेले. मी मागे गेले तर भिंतीला पाठ लावून उभे होते, घामाने भिजलेले, अर्धा तास एक शब्द नाही बोलले. नातू बाजूला रडवेला उभा. स्पीकर मी त्याच दुपारी काढला आणि परत कधी लावला नाही. कापडावर किती उजेड पडतो ते आम्ही मोजत होतो आणि ते कापड अंगावर घालणाऱ्या माणसावर काय पडतंय याचा विचारच केला नव्हता.

1915 मध्ये चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरांनी 'शेल शॉक' हा शब्द, म्हणजे तोफगोळ्यांच्या माऱ्यातून आलेल्या सैनिकांना होणारा त्रास, वैद्यकीय लेखात वापरला, आणि आज ज्याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनात राहून गेलेला आघात, ते निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत यायला 1980 उजाडलं. मधल्या काळात किती जणांना नुसतं भित्रा, चिडका, दारुडा म्हटलं गेलं असेल. आम्ही डॉक्टर नाही, उपचार करत नाही, पण ऐकू शकतो आणि योग्य माणसाकडे सोबत जाऊ शकतो.

त्या टेबलावर काही गोष्टी आम्ही पाळतो. किती मारले, हे कुणी विचारायचं नाही, शाळेच्या ट्रिपलाही हे आधीच सांगतो. दाराकडे तोंड असलेल्या खुर्च्या त्यांच्यासाठी, कारण अनेकांना पाठीमागे दार असलं की बसवत नाही. खाली जाड सतरंजी आणि खिडकीला पडदे आहेत ते दिसायला बरं म्हणून नाहीत, वर्षानुवर्षं गोळीबाराजवळ राहून वरच्या पट्टीचं ऐकू येणं जातं, आणि घुमणाऱ्या खोलीत चौघं एकदम बोलले की ही माणसं नुसती मान हलवतात आणि मग हळूहळू यायची बंद होतात. रेकॉर्डिंग करायचं तर आधी लेखी परवानगी, आणि ज्याचा आवाज त्याला ऐकवून, त्याने नको म्हटलेला भाग काढून मगच जपायचं. एक प्रत म्युझियमबाहेर, दुसऱ्या इमारतीत.

प्रश्न सुद्धा साधे विचारायचे. बूट कसे होते, पत्र किती दिवसांनी यायचं, हा फोटो कुणी काढला. फोटो कुणी काढला हे विचारलं की फोटोत नसलेला माणूस आठवतो, आणि बरेचदा सांगायचं असतं ते त्याच्याबद्दलच.

आणि कागद. कुणीतरी डिस्चार्जचे कागद दाखवायला म्हणून आणतं, आमच्यातला एकजण त्यात मुरलेला आहे, तो वाचता वाचता थांबतो आणि विचारतो, काका, पेन्शनमधलं हे तुम्हाला मिळतंय ना? आणि मिळत नसतं. कधी जखमेची नोंद पुढे गेलेलीच नसते, कधी नवरा गेल्यावर काकूंचं नावच नीट चढलेलं नसतं. आम्ही फॉर्म भरून देतो, सोबत जातो, खिडकीपाशी उभे राहतो. मूळ कागद मात्र कधीच हातचे सोडू देत नाही, एका काकांचे मूळ कागद एका कार्यालयात गहाळ झाले आणि नवीन मिळवण्यात त्यांची तीन वर्षं गेली, तेव्हापासून आधी स्कॅन आणि मगच पुढचं. काम होईलच असं वचन आम्ही देत नाही. पण कागद घेऊन एकटं जावं लागणार नाही, एवढं नक्की.

तर म्युझियमचं काम आणि माजी सैनिकांचं काम वेगळं करा म्हणता, ते मला करताच येत नाही. चमच्याचं लेबल त्याच टेबलावर दुरुस्त झालं, सात जणांच्या एका फोटोतली पाच नावं तिथेच लागली, आणि उरलेली दोन माहीत असतील असे एक आजोबा आहेत, ते अजून फारसे बोलत नाहीत. येतात, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतात, दुसऱ्यांचं ऐकतात आणि जातात. आम्ही विचारलेलं नाही.

तुमच्या घरात अशी ट्रंक असेल आणि तिचा मालक अजून हिंडता फिरता असेल तर आधी त्यांना घेऊन या. ट्रंक नंतर आणली तरी चालेल.