सायट्रिक आम्लाचा स्टॉप बाथ

फिल्म धुण्याच्या बंद डार्करूममध्ये ॲसिटिक आम्लाचा उग्र दर्प नाकाडोळ्यांना झोंबत असे, म्हणून मी स्टॉप बाथसाठी, म्हणजे चित्र उमटण्याची क्रिया थांबवणाऱ्या द्रावणासाठी, सायट्रिक आम्ल वापरू लागलो. एक लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम भुकटी ढवळत टाकली की तिचे स्फटिक तळाशी क्षणभर चमकून विरघळतात आणि द्रावणाला वास असा उरतच नाही. फिल्मवर चित्र उमटवणारा डेव्हलपर अल्कधर्मी असल्यामुळे या आम्लाने त्याची क्रिया लगेच थांबते. शिवाय नंतर चित्र पक्के करणारा फिक्सरही अधिक काळ टिकतो. वास नसला तरी हे आम्लच आहे, तेव्हा भुकटी तोलताना संरक्षक चष्मा व हातमोजे हवेतच. प्रमाण मात्र वाढवू नये, कारण कार्बोनेटयुक्त डेव्हलपरमधून काढलेल्या फिल्मवर तीव्र आम्लामुळे वायूचे बुडबुडे उठू शकतात. साठवलेल्या द्रावणाला बुरशी लागते, म्हणून मी ते दर वेळी ताजेच बनवतो.