सातवा महिना आणि आमचा नाताळ

यंदा नाताळ आला आणि मला सातवा महिना. आमच्याकडे इंदूरला डिसेंबर म्हणजे करंज्या, केक, घराची रंगरंगोटी आणि रोज कोणीतरी पाहुणे, त्यात मोठा पाच वर्षांचा, त्याला रोज संध्याकाळी स्टार लावायचाच असतो, आणि मी दहा मिनिटं उभी राहिले की पाय सुजतात.

त्या आठवड्यात शुगरची टेस्टही होती, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं आणि 2 तासांनी रक्त द्यायचं, ते गोड पाणी कसंबसं पोटात राहिलं, घरी आले तर ओट्यावर करंज्यांचं सारण वाट बघत होतं. मला रडूच आलं. सासूबाईंनी काही विचारलं नाही, पाट ओढला, म्हणाल्या, "तू बसून भर गं, लाटते मी."

त्यानंतर सगळं बसूनच केलं. केकचा सुकामेवा रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजवला, मला तर हाच जास्त आवडला. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, म्हणून नवऱ्याने मोबाईलवर दोन वेगळे अलार्म लावून दिलेत.

इथल्या सराफा बाजारात रात्री मिळणारा गरम गराडू, म्हणजे मसाला लावलेला तळलेला कंद, मात्र सोडला, अ‍ॅसिडिटी फार होते.

24 तारखेला रात्री व्हाइट चर्चला गेलो, मागच्या बाकावर बसलो. गाणी सुरू झाली आणि बाळाने आतून अशी लाथ मारली, मी मोठ्याचा हात धरून पोटावर ठेवला, तो गायचाच थांबला.