कूर्स फील्डजवळ खाणेपिणे : बिल नीट वाचा आणि दहा मिनिटे चाला

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरातल्या कूर्स फील्ड मैदानावर बेसबॉलचा सामना पाहायला जाणार असाल आणि त्या संध्याकाळचे जेवण आसपासच उरकायचे असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे. मैदानाला लागून असलेल्या पहिल्या दोन रस्त्यांवर, गच्चीवर दिव्यांच्या माळा सोडलेल्या बारमध्ये बसू नये. युनियन स्टेशनच्या दिशेने दहा मिनिटे चालत जावे, तिकडे शांतपणे जेवावे आणि मग मैदानात यावे. चालण्याची सवय असलेल्या माणसाला हे अंतर काहीच नाही, आणि तेवढ्या अंतराने अन्नाची चव, बसायची जागा आणि शेवटी हातात पडणारे बिल या तिन्ही गोष्टी बदलतात.

कूर्स फील्ड १९९५ मध्ये ब्लेक स्ट्रीट आणि विसावा रस्ता यांच्या चौकात उभे राहिले. भोवतालचा भाग जुन्या विटांच्या गोदामांचा. स्थानिक लोक या भागाला ‘लोडो’ म्हणतात, आणि त्या गोदामांचे रूपांतर आता उपाहारगृहे, बार आणि सदनिका यांत झाले आहे. सामन्याच्या दिवशी आधी दोन-तीन तास येथे यजमान कोलोरॅडो रॉकीज संघाच्या जांभळ्या सदऱ्यांचा पूर लोटतो. येथे काय खावे याच्या याद्या मी निघण्यापूर्वी बारकाईने वाचल्या होत्या, आणि डेन्व्हरजवळ नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या नातेवाइकांनीही मोठ्या आपुलकीने दोन नावे आवर्जून सांगितली होती : बिअरच्या असंख्य नळांसाठी प्रसिद्ध असलेले ब्लेक स्ट्रीटवरील ‘फॉलिंग रॉक टॅप हाउस’ आणि मैदानापासून हाकेच्या अंतरावरचा ‘एल चापुल्तेपेक’ हा जुना जॅझ बार. यांपैकी पहिले २०२१ मध्ये आणि दुसरा २०२० च्या डिसेंबरमध्ये कायमचा बंद झाला आहे. तरीही दोघांची नावे याद्यांमधून अजून फिरत आहेत. त्यामुळे करोनापूर्व काळातील कोणतीही यादी घेऊन या भागात जाऊ नये, आणि ठिकाण कितीही नावाजलेले असले तरी ते चालू असल्याची खात्री त्याच दिवशी करावी.

ठरवलेली ठिकाणे नाहीत म्हटल्यावर भुकेच्या घाईत आम्ही जवळच्या एका गच्चीवरच्या बारमध्ये शिरलो, आणि या वृत्तांताचे मुख्य कारण तेथे मिळालेले बिल हे आहे. त्या ठिकाणाचे नाव मी देत नाही, कारण हीच पद्धत त्या परिसरात अनेक ठिकाणी दिसते आणि वाचकाने पद्धत ओळखणे अधिक महत्त्वाचे आहे. पदार्थांच्या यादीत दिसणारी किंमत ही केवळ सुरुवात असते. तिच्यावर तयार अन्नावरील सुमारे आठ टक्के कर लागतो, हे अपेक्षितच आहे. त्यानंतर वीस टक्के ‘सेवा शुल्क’ आपोआप जोडले जाते, आणि त्याची सूचना यादीच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरांत छापलेली असते की, मावळत्या उन्हात ती वाचताच येत नाही. एवढे झाल्यावर वाढपी कार्ड घेण्याचे यंत्र पुढे करतो आणि त्यावर अठरा, वीस किंवा पंचवीस टक्के टिप निवडण्याचे चौकोन उमटतात. ही टक्केवारी मूळ किमतीवर धरलेली नसते. कर आणि सेवा शुल्क मिळवून झालेल्या रकमेवर ती काढली जाते. हिशेब करून पाहा. यादीप्रमाणे ६० डॉलरचे खाणे झाले, तर कराचे ४.८० आणि सेवा शुल्काचे १२ डॉलर धरून रक्कम ७६.८० होते. त्यावर वीस टक्के टिप निवडली की आणखी १५.३६ डॉलर जातात आणि एकूण आकडा ९२.१६ वर पोहोचतो. म्हणजे ज्या जेवणाची किंमत तुम्ही मनात धरली होती, त्याच्या दीडपटीहून अधिक रक्कम तुम्ही मोजता, आणि त्या बदल्यात मिळतात कोमट फ्राइज, प्लास्टिकच्या पेल्यातील बिअर आणि कानठळ्या बसवणारे संगीत.

अमेरिकेत वाढप्याला टिप द्यावी, याबद्दल माझे दुमत नाही. त्याच्या उत्पन्नाचा तो मोठा भाग असतो, आणि जेथे सेवा शुल्क लावलेले नाही तेथे अठरा ते वीस टक्के अवश्य द्यावेत. परंतु सेवा शुल्क आकारलेले असताना वर पुन्हा पूर्ण टिप देण्याचे बंधन नाही. बसण्यापूर्वीच विचारावे की, बिलात सेवा शुल्क जोडले जाते का, आणि ते वाढप्यांना मिळते का. हा प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही आणि सरळ उत्तर मिळाले नाही, तर उठून बाहेर पडावे. यंत्रावर स्वतःची रक्कम लिहिण्याची सोयही असते. तो चौकोन मुद्दाम लहान ठेवलेला असतो, पण तो शोधावा.

आता कोठे जावे ते सांगतो. विन्कूप स्ट्रीट आणि अठरावा रस्ता यांच्या कोपऱ्यावर, युनियन स्टेशनसमोर ‘विन्कूप ब्रूइंग कंपनी’ आहे. १८९९ च्या एका जुन्या व्यापारी इमारतीत १९८८ मध्ये सुरू झालेले हे कोलोरॅडोतील पहिले ब्रूपब होय. म्हणजे बिअर तेथेच तयार होते आणि तेथेच प्यायला मिळते. त्याच्या संस्थापकांपैकी जॉन हिकनलूपर हे मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. नोकरी गेल्यावर ते या धंद्यात उतरले, आणि पुढे डेन्व्हरचे महापौर, कोलोरॅडोचे गव्हर्नर आणि अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य झाले. हा भाग ओसाड गोदामांचा होता, मैदानाचा अजून पत्ता नव्हता, तेव्हा हे ठिकाण उभे राहिले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तेथील ‘रेल यार्ड एल’ ही तांबूस, सौम्य बिअर जेवणाबरोबर उत्तम लागते. वरच्या मजल्यावर पूल खेळण्याची टेबले आहेत. सामन्याच्या दिवशी येथेही गर्दी असते, मात्र दोन तास आधी गेल्यास जागा मिळते.

कुटुंबात शाकाहारी, मांसाहारी आणि केवळ पिझ्झा खाणारी मुले अशी सरमिसळ असेल, तर अठराव्या रस्त्याजवळील डेअरी ब्लॉकमधील ‘मिल्क मार्केट’ सोयीचे आहे. २०१८ मध्ये उघडलेल्या या जागेत एकाच छपराखाली वेगवेगळ्या पदार्थांची दालने आहेत. प्रत्येकाने आपापले ताट आणून एकत्र बसावे. युनियन स्टेशनच्या १९१४ मधील मुख्य दालनातही बसता येते. २०१४ मध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा खुले झाले आणि तेथील लाकडी बाकांवर कॉफी घेऊन टेकायला कोणी हरकत घेत नाही. अगदी मैदानासमोरच खायचे झाले, तर ब्लेक स्ट्रीटवरील ‘चेरी क्रिकेट’ची शाखा पाहावी. मूळ ठिकाण शहराच्या दुसऱ्या भागात १९४५ पासून चालू आहे आणि तेथील हिरव्या मिरचीचा बर्गर प्रसिद्ध आहे.

शाकाहारी वाचकांनी येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कोलोरॅडोत ‘ग्रीन चिली’ नावाचा जो दाट रस्सा बरिटोवर, अंड्यांवर आणि फ्राइजवर सर्रास ओततात, त्यात बहुधा डुकराचे मांस असते. नावात केवळ मिरची आहे म्हणून विश्वास ठेवू नये, प्रत्येक ठिकाणी विचारावे. त्याचप्रमाणे मैदानात आणि बाहेर ‘रॉकी माउंटन ऑयस्टर्स’ नावाने जो तळलेला पदार्थ मिळतो, तो समुद्रातील कालवांचा नसून बैलाच्या अंडकोषांचा असतो. मासळी खाणाऱ्या कोकणी माणसाने तो कालवे समजून मागवू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

मैदानाच्या आतील खाणे महाग आहे आणि ते तसेच असणार, हे धरून चालावे. परंतु एक सोय फारशी कोणी सांगत नाही : कूर्स फील्डमध्ये घरचे खाणे आणि प्लास्टिकच्या सीलबंद बाटलीतील पाणी आत नेता येते. थालीपीठ, पराठे, चिरलेली फळे असे मऊ पिशवीत नीट बांधून न्यावे. पाठीवरची मोठी सॅक मात्र आणू नये. आत रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागते. आत एकच गोष्ट विकत घ्यायची असेल, तर उजव्या बाजूला असलेल्या ‘सँडलॉट’ या छोट्या ब्रूअरीची बिअर घ्यावी. आज जगभर विकली जाणारी ‘ब्लू मून’ ही संत्र्याच्या फोडीबरोबर दिली जाणारी बिअर १९९५ मध्ये याच जागी तयार झाली. वेळेचे गणितही सांभाळावे लागते. २०२३ पासून चेंडू टाकण्यावर घड्याळाची मर्यादा आल्यामुळे नऊ डावांचा सामना सरासरी २ तास ४० मिनिटांत संपू लागला आहे, म्हणजे खाण्याच्या रांगेत घालवलेली वीस मिनिटे म्हणजे हातचा एखादा डाव गेलाच.

यानंतरची सूचना मी थकव्याच्या अनुभवातून करतो आहे आणि ती कोणी हलकी मानू नये. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०९ मीटर उंचीवर आहे. कूर्स फील्डच्या वरच्या मजल्यावरील विसाव्या ओळीतील जांभळ्या खुर्च्या नेमकी हीच उंची, म्हणजे एक मैल, दाखवतात. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे त्या खुर्च्यांवर बिअर पिणे हे जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर बसून पिण्यासारखे आहे, आणि त्यात हवा कोरडी व ऊन कडक. मुंबईच्या दमट हवेतून आलेल्या माणसाला घाम दिसत नाही, म्हणून तहान कळत नाही. दुसऱ्याच पेल्यावर डोके जड होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते ठणकते. प्रत्येक पेल्यामागे तेवढेच पाणी प्यावे आणि शहरात पोहोचल्याच्या पहिल्या संध्याकाळी दारू टाळावी. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला काहीही मिळत नाही आणि केस पांढरे असले तरी ओळखपत्र मागतात.

शहरातील इतर दिवस सुखाचे गेले आणि त्यांबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. एक जेवण मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. युनियन स्टेशनच्या मागून मिलेनियम पूल ओलांडून, बागेतून आणि प्लॅट नदीवरील पादचारी पुलावरून पलीकडे गेले की, पंधरावा रस्ता आणि प्लॅट स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर ‘माय ब्रदर्स बार’ लागतो. मैदानापासून पंचवीस मिनिटांची चाल आहे. बाहेर नावाची पाटी नाही, आत टीव्ही नाही, आणि ध्वनिवर्धकावर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत चालू असते. या जागी १८७० च्या दशकापासून मद्यालय आहे. येथे फ्राइज मिळत नाहीत. बर्गर मेणकागदात गुंडाळून येतो आणि कांदा, लोणचे, मिरच्या यांचे भांडे टेबलावर ठेवले जाते. भिंतीवर अमेरिकेतील ‘बीट’ साहित्यिक पिढीशी जोडले गेलेले नील कॅसडी यांनी १९४४ मध्ये सुधारगृहातून लिहिलेले पत्र लावलेले आहे. येथे आपली तीन-चार डॉलरची उधारी राहिली आहे, ती फेडावी, अशी विनंती त्यात एका परिचिताला केली आहे. गच्चीवरच्या त्या बिलानंतर हा बर्गर खाताना मला मनापासून आनंद झाला. डेन्व्हरमध्ये एकच जेवण घ्यायचे असेल, तर ते येथे घ्यावे, असे मी निःशंकपणे सांगतो.

परतीसाठी मैदानासमोरून टॅक्सी बोलावू नये. सामना सुटताच भाडे चढते आणि गाडी गर्दीत अडकून राहते. युनियन स्टेशनपर्यंत चालत यावे आणि तेथून गाडी किंवा ट्रेन पकडावी. विमानतळाकडे जाणारी ‘ए लाइन’ तेथूनच सुटते आणि ३७ मिनिटांत पोहोचवते. भाड्याची मोटार घेऊन येणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सामन्याच्या दिवशी मैदानालगतच्या खाजगी वाहनतळांचे दर वाढतात, म्हणून गाडी दूर लावून चालत यावे. आणि कोलोरॅडोच्या कायद्याप्रमाणे रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण ०.०८ टक्के झाल्यावर गुन्हा ठरतोच, पण ते ०.०५ टक्क्यांच्या वर गेल्यावरही ‘क्षमता कमी झालेल्या अवस्थेत वाहन चालवणे’ हा वेगळा गुन्हा लागू होतो. तेव्हा एक पेला जरी घेतला असेल, तरी किल्ली न पिणाऱ्याच्या हाती द्यावी.