मागच्या मॉडेलची नवी कोरी बोट, आणि सूट किती मागायची

डीलरच्या यार्डात पडून राहिलेली, मागच्या मॉडेल इयरची मासेमारीची बोट स्वस्तात मिळते हे सगळेच सांगतात, पण स्वस्त म्हणजे नक्की किती असं विचारलं की सगळे गप्प. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. अशा बोटीवरची सूट म्हणजे डीलरची मेहरबानी वगैरे काही नसते, पुढे ती बोट विकताना आपले जे पैसे बुडणार आहेत तेच तो आज आपल्याला देत असतो, आणि तेवढे तरी पदरात पडले नाहीत तर सूट मिळाली असं म्हणायचंच नाही.

कसं ते बघा. समजा 2026 मध्ये तुम्ही 2024 चं मॉडेल घेतलं. इंजिनचे तास जवळपास शून्य, सीटवरचं प्लास्टिक पण तसंच, सगळं नवं. पण चार-पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा समोरचा 'कधी घेतली' विचारणार नाही, 'मॉडेल कुठलं' विचारणार, आणि कागदावर 2024 दिसलं की 2024 चाच भाव देणार. विमावाले आणि कर्ज देणारे पण तेच बघतात. म्हणून डीलरकडे जायच्या आधी मी जुन्या बोटींच्या जाहिराती काढून बसलो, तीच बोट, तीच लांबी, तीच मोटर, आणि मॉडेल दोन वर्षांनी मागे गेलं की भाव किती उतरतो ते वहीत लिहून काढलं. तो फरक माझा किमान आकडा, त्याच्या खाली यायचंच नाही असं ठरवूनच गेलो. अर्थात ज्याला बोट पार मोडेपर्यंत वापरायचीय त्याला या हिशोबाचं फारसं काही नाही, त्याने थोडी कमी सूट मिळाली तरी घ्यावी.

आता डीलरची बाजू पण समजून घ्यायला पाहिजे, कारण खरा जोर तिथेच आहे. यार्डात उभ्या असलेल्या बोटी बहुतेक वेळा त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेल्याच नसतात. फायनान्स कंपनी बोट बनवणाऱ्याला पैसे देते आणि डीलर त्या उधारीवर व्याज भरतो, याला त्यांच्यात फ्लोअर प्लॅन म्हणतात. सुरुवातीचे काही महिने बऱ्याचदा बोट बनवणारी कंपनीच व्याज सोसते, त्यामुळे तोवर डीलर निवांत असतो. ती मुदत संपली की व्याज त्याच्या खिशातून, आणि अजून पुढे गेलं की बोट विकली नसली तरी मुद्दलाचे तुकडे भरायला लागतात. म्हणजे ती बोट तिथे नुसती उभी राहून रोज त्याचे पैसे खात असते. त्यात नव्या मॉडेलची बोट शेजारी येऊन उभी राहिली की जुनीकडे गिऱ्हाईक बघत पण नाही.

त्यामुळे माझा पहिला प्रश्न भावाचा नव्हताच, मी विचारलं ही बोट तुमच्याकडे कधी आली. सेल्समन म्हणाला, "सर, आत्ता आत्ताच आलीय." मी काही बोललो नाही, ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर, उजव्या बाजूला वर हलचा, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा, नंबर असतो तो वाचला. अमेरिकन बाजाराच्या बोटींवर हा 12 अक्षरांचा असतो, पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची, मग पाच सिरीयलची, नंतर महिन्याचं एक अक्षर, वर्षाचा एक आकडा आणि शेवटचे दोन आकडे मॉडेल इयर. महिना ए म्हणजे जानेवारी आणि असं पुढे एल म्हणजे डिसेंबर. म्हणजे शेवटी एच, 3, 24 असं दिसलं तर बोट ऑगस्ट 2023 ची आणि मॉडेल 2024. नवीन मॉडेल इयर उन्हाळा संपता संपताच सुरू होतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, त्यामुळे पाटीवर 2024 वाचून ते जेवढी जुनी समजतात त्यापेक्षा बोट अजून जुनी निघू शकते. ट्रेलरच्या टायरवर पण चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. आमच्या टायरवर 3223 होतं, म्हणजे 2023 चा बत्तिसावा आठवडा. दोन्ही नंबर मी त्याला मोबाईलवर फोटो काढून दाखवले. "आत्ता आत्ता" नंतर परत ऐकू आलं नाही.

मेव्हण्याला सोबत नेलं होतं, तो मोटरींचं काम करतो. तो आधी मोटरकडे गेला आणि लगेच हाक मारली, "दाजी, इकडे या, हलची प्लेट बघा." हलवर लावलेल्या पाटीवर जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवरची मोटर चालेल ते लिहिलेलं असतं, आणि लावलेली मोटर त्याच्या बरीच खाली होती. बोट इतके दिवस का पडून राहिली याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. अशी बोट चार माणसं, भरलेली टाकी, लाइव्हवेलमध्ये (मासे जिवंत ठेवायच्या टाकीत) पाणी एवढं घेऊन निघाली की पाण्यावर उठायलाच वेळ लावते. रंग नावडता असेल तर त्याची सूट आनंदाने घ्यावी, मासे रंग बघत नाहीत. पण मोटर कमी ताकदीची असेल तर कितीही सूट मिळाली तरी ती पुढे रोज नडणार, आणि मोटर बदलायला गेलं की सगळी सूट तिथेच संपते. आम्ही ती बोट सोडली आणि त्याच यार्डातली दुसरी, तेवढीच जुनी पण मोटर बरोबर असलेली पकडली.

उभ्या बोटीचं काय काय बिघडतं ते मेव्हण्याने भराभरा सांगितलं. पाण्याच्या पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, रबराचा असतो, वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिला की त्याची पाती वाकडी ती वाकडीच राहतात. बॅटरी चार्ज न करता ठेवली की सल्फेट साचून मरते. टाकीत थोडं इथेनॉलवालं पेट्रोल टाकून ठेवलं असेल तर ते ओलावा धरतं. उन्हाकडच्या बाजूचा जेलकोट, म्हणजे बोटीवरचा चकचकीत बाहेरचा थर, फिका पडतो, एका सीटचं कव्हर बाजूला केलं तर खालचा आणि वरचा रंग वेगळा दिसला, सरळ रेषच पडलेली. टायर नक्षीने कोरे दिसले तरी रबर म्हातारं होतंच. यातलं एकही मोठं नाही, पण प्रत्येक गोष्टीला पैसे आहेत, आणि त्या एकेक करून कागदावर आल्या की सेल्समनला 'बोट नवीच आहे सर' म्हणायला तोंड राहत नाही.

मोटरच्या वॉरंटीचं वेगळं लिहितो, कारण इथे बरेच जण गृहीत धरतात. साधारण वॉरंटी पहिल्या गिऱ्हाइकाने घेतल्या तारखेपासून सुरू होते, पण मोटर, हल आणि ट्रेलर या तिघांची वॉरंटी वेगवेगळी असते, आणि मोटर हलपेक्षा पण जुनी असू शकते. मोटरचा सिरीयल नंबर देऊन ती आधी कुणाच्या नावावर रजिस्टर झालीय का हे मोटरच्या कंपनीकडून लेखी मागवायचं. डेमोला फिरवलेली बोट असेल तर इंजिनचे तास कॉम्प्युटर लावून काढायला सांगायचे.

मग भाव. सेल्समनने नेहमीसारखा महिन्याचा हप्ता सांगायला सुरुवात केली, एवढाच पडेल सर, तेवढाच पडेल सर. हप्त्यावर बोलायचंच नाही, हप्ता कमी दिसतो कारण वर्षं वाढवलेली असतात. मी म्हटलं सगळं धरून, वाहतूक, सेटअप, कागदपत्रं, टॅक्स, बोट घेऊन गेटबाहेर पडताना एकूण किती द्यायचे ते एका कागदावर लिहून द्या. लिहून दिल्यावर कळलं की वरच्या ओळीत दिलेली सूट खालच्या दोन ओळींत अर्धीअधिक परत घेतली होती! जुनी बोट बदल्यात द्यायची असेल तर तिचा भाव शेवटी काढायचा, नाहीतर इकडचं तिकडे करतात आणि आपल्याला वाटतं दोन्हीकडे फायदा झाला. शिवाय मागच्या मॉडेलवर कंपनीची डीलरला काही रिबेट चालू आहे का हे सरळ तोंडावर विचारलं, तेव्हा तो आत जाऊन मॅनेजरला विचारून आला, आणि होती.

मी माझा वहीतला आकडा सांगितला, कसा काढला ते पण दाखवलं. उगाच आवाज चढवण्यापेक्षा हे बरं पडतं, समोरच्याला पण मॅनेजरकडे घेऊन जायला काहीतरी हातात मिळतं. सीझनचा शेवट होता, पाण्यावर कोणी जात नव्हतं, यार्डात आम्ही सोडून गिऱ्हाईक नाही. वसंतात हेच बोलायला गेलो असतो तर त्याने चहा पण विचारला नसता. रोख किंमत एका जागी येऊन अडली, तिथून तो खरंच हलेना, तेव्हा मी पैसे सोडून वस्तू मागायला लागलो. डीलरला ॲक्सेसरीज आपल्यापेक्षा स्वस्त पडतात आणि सर्व्हिस त्याचेच मेकॅनिक करतात, त्यामुळे तिथे त्याचा हात जरा सैल असतो. नवा इंपेलर, नव्या बॅटऱ्या, ट्रेलरचे चारही टायर, पहिली सर्व्हिस, आणि पैसे द्यायच्या आधी पाण्यात उतरवून ट्रायल, हे सगळं बिलावर ओळीने लिहून घेतलं, तोंडी काही ठेवलं नाही. ट्रायलला मोटर पहिल्या झटक्यात सुरू झाली, पंपाचं पाणी नीट धार धरून बाहेर पडत होतं, मेव्हण्याने मान हलवली आणि मग सही केली. बोटीचं कव्हर पण मागितलं होतं, ते मात्र काही केल्या दिलं नाही, ते नंतर मी माझ्या पैशाने घेतलं.